मधला शब्द

सकाळचे ऊन आमच्या क्लासच्या खोलीत कधीच एकदम येत नाही. आधी जिन्याच्या कठड्यावर त्याची एक फिकट रेघ उमटते. मग ती रेघ खिडकीच्या गजांतून आत उतरते आणि समोरच्या भिंतीवर चार उभे तुकडे होऊन थांबते, जणू पुढे यावे की नाही हे तिचे तिलाच ठरवायचे आहे. खाली पिठाची गिरणी आहे. तिचे पीठ जिन्यातून वर येते, एकलहऱ्याच्या वीजकेंद्राकडून वारा असला की तिथल्या चिमणीची राख येते, आणि खडूची पूड तर खोलीतलीच. उन्हात तिन्हींचे कण सारखे दिसतात, सारखेच तरंगतात. हळूहळू भिंतीवरचे तुकडे खाली सरकतात, पहिल्या बाकाची कड उजळते, मग दुसऱ्याची. तिसऱ्या बाकापर्यंत पोचायला उन्हाला सात वाजून वीस मिनिटे होतात. त्या बाकावर बाबा बसतात. ऊन पोचेपर्यंत मला त्यांचा चेहरा नीट दिसत नाही, आणि गेले काही महिने मला ते बरे वाटत आले होते.

त्या मंगळवारी मी फळ्यावर तीन वाक्ये लिहिली. टर्न ऑफ द फॅन. टर्न द फॅन ऑफ. टर्न इट ऑफ.

"नाम असेल तर ते शेवटी बसतं, मध्येही बसतं," मी म्हणालो. "पण नामाच्या जागी सर्वनाम आलं, की त्याला मध्येच बसावं लागतं. क्रियापद आणि ते छोटं क्रियाविशेषण, यांच्या मधोमध. टर्न ऑफ इट चालत नाही."

"का नाय चालत, सर?" रावजींनी विचारले. रावजी नाशिकरोड स्टेशनवर रिक्षा चालवतात आणि शिर्डीला जाणाऱ्या परराज्यातल्या लोकांशी बोलता यावे म्हणून सकाळच्या बॅचला येतात. "पॅसेंजर समजून घेतंय की."

"समजतं. पण कानाला खटकतं."

"म्हणजे रिक्षातलं तिसरं शीट झालं हे!" रावजींनी मांडीवर थाप मारली. "अंगानं बारीक असलं, की आपण त्याला मधीच बसवतो."

पिंकी हसली. ती एका हॉटेलच्या रिसेप्शनवर नव्याने लागली होती. "आणि बारीक माणसाचं नाव कोण विचारतं? 'ए, तू सरक मधी.' झालं सर्वनाम!"

सगळे हसले. तिसऱ्या बाकावरून आवाज आला, "शटिटडाऊन!"

बाबा, सहादू मोरे, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर एकतीस वर्षे हेल्पर होते. तिथे लाऊडस्पीकरवरून साहेब लोक इंग्रजीत ओरडत. बाबांना त्यातले शब्द वेगळे माहीत नव्हते. हुकूम तेवढे माहीत होते. शटिटडाऊन म्हणजे पट्टा थांबवायचा. ब्रिंगिटअप म्हणजे सावकाश चालू करायचा. पुटिटडाऊन म्हणजे हातात असेल ते खाली ठेवायचे. तीन शब्दांचा असा प्रत्येक हुकूम म्हणजे एकच शब्द आहे असे ते निवृत्त होईपर्यंत समजत आले. आई गेल्यावर घरात एकटे बसवेना म्हणून ते माझ्या क्लासला येऊ लागले, आणि शटिटडाऊन मी शट, इट, डाऊन असे फोडून दाखवले तेव्हा लहान मुलासारखे चकित झाले. "मधी इट होतं होय! एकतीस वर्षं दिसलं नाय मला."

"बाबा, आता दिव्याचं वाक्य करा," मी म्हणालो.

ते उभे राहिले. ऊन नुकतेच त्यांच्या खांद्यावर आले होते.

"टर्न इट..." ते थांबले. उजव्या हाताची बोटे हवेत काहीतरी फिरवू लागली. "टर्न इट..."

गिरणीचा पट्टा खाली फटफटत होता. मी मनात बारापर्यंत आकडे मोजले. पिंकीने वहीत डोके घातले.

"ऑफ," मी म्हणालो.

"तेच ते, सर," बाबा म्हणाले आणि खाली बसले.

ते मला सर म्हणाले की वर्गात नेहमीच खसखस पिके. घरीही ते आता तशीच हाक मारत. "सर, चहा घेणार का?" मला ती त्यांची थट्टा वाटे, थोडा अभिमानही. माझ्या वहीत मी त्या दिवशी लिहिले : स. मोरे, शेवटचे क्रियाविशेषण गळते, सराव हवा. अक्षर नेहमीपेक्षा फार नीटनेटके आले होते. मी घाबरलो की माझे अक्षर सुधारते.

घरी मी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. बाबांना वाचता यावे म्हणून देवनागरीतच. कपाटावर 'पुट इट बॅक', नळावर 'टर्न इट ऑफ', शेगडीवरही तेच. दूध दोनदा करपून गेल्यावर मी त्या चिठ्ठ्या लावल्या, आणि हा भाषेचाच सराव आहे असे बाबांना सांगितले. स्वतःलाही तेच सांगितले.

माझ्या बहिणीला, संजनाताईला, मात्र ते पटेना. ती सातपूरला राहते. बॅच सुटल्यावर तिचा फोन आला.

"डॉक्टरांना दाखवलंस का?"

"ताई, त्यांचं फक्त इंग्रजी चुकतंय."

"फक्त इंग्रजी?"

"वय झालंय. सरावानं येईल."

"भूषण, तू मास्तर आहेस म्हणून तुला सगळीकडं चुकाच दिसतात रे. दुखणं दिसत नाही." ती थोडी थांबली. "मी येते आज. बाबांना घेऊनच जाऊ. अकराला पोचते."

मला राग आला. राग येणे सोपे होते. दुसऱ्या बॅचला मी शिकवत होतो, पण माझे कान घराकडे लागले होते. बाबा सकाळची बॅच संपवून एकटेच परत जात. घर दोन गल्ल्यांवर. त्या दोन गल्ल्यांत काय काय घडू शकते याची एक यादी माझ्या मनात कायम तयार असे, आणि घरात काय घडू शकते याची यादी मी कधी करत नसे.

अकराला पाच कमी असताना मी आमच्या इमारतीपाशी आलो. ताई वरच दारात उभी होती.

"बेल वाजत नाही," ती म्हणाली. मग तिने नाक वर केले. "वास येतोय का तुला?"

येत होता. दाराच्या फटीतून गॅसचा तो जाडसर, कुजका वास येत होता. मी किल्ली लावून दार उघडले.

आत सामसूम होती. पंखा बंद, फ्रिज बंद, मेन स्विचचा खटका खाली. खिडक्या लावलेल्या. स्वयंपाकघरातल्या अर्धवट अंधारात बाबा शेगडीसमोर उभे होते. एका हातात चिठ्ठी होती. दुसऱ्या हातात लायटर.

"इट म्हणजे कुठलं, सर?" त्यांनी अगदी वर्गातल्या आवाजात विचारले. "मी समदं फिरवलं. हे पण फिरवलं. पण इट कुठलं त्ये लिहिलंच नाय तुम्ही."

त्यांच्या लक्षात टर्न राहिले होते. टर्न म्हणजे फिरवणे, हे मीच शिकवले होते. जे चालू होते ते त्यांच्या हातून बंद झाले होते आणि जे बंद होते ते चालू. शेगडीचे बटण पूर्ण उघडे होते, आणि त्यातून बारीक सुस्कारा यावा तसा आवाज येत होता.

"बाबा, लायटर ठेवा खाली," ताई म्हणाली. तिचा आवाज फाटला.

"थांब गं. अंधार झालाय. दिसत नाय. पेटवून बघतो की." त्यांचा अंगठा सरकला.

पुढे धावून त्यांचा हात धरायला वेळ नव्हता. घशातून जे बाहेर आले ते मी ठरवलेले नव्हते, आणि तो आवाजही माझा नव्हता. मी आयुष्यात कुणावर इतका ओरडलेलो नाही.

"पुटिटडाऊन!"

बाबांचा हात त्याच क्षणी खाली आला. लायटर ओट्यावर होता, टाचा जुळलेल्या होत्या, मान ताठ. "येस, सर," ते म्हणाले. एकतीस वर्षांचा तो हुकूम त्यांच्यात अजून शाबूत होता, कारण तो त्यांच्याकडे एकच शब्द म्हणून होता.

ताईने बटण बंद केले. मी खिडक्या उघडल्या. मग आम्ही तिघेही बाहेर गॅलरीत जाऊन बसलो, बाबा मध्ये आणि आम्ही दोघे दोन बाजूंना.  मी गुडघ्यांवर हात ठेवून बसलो होतो.

"बाबा," ताईने हळूच विचारले, "मी कोण?"

"संजू. येडी का तू?"

"आणि हा?"

"ताई, राहू दे," मी म्हणालो.

बाबांनी माझ्याकडे वळून पाहिले. दुपारकडे झुकलेल्या उन्हात त्यांचा चेहरा अगदी स्वच्छ दिसत होता. त्यावर आदर होता. "हे आपले सर. लय चांगलं शिकवतात. कधी आवाज चढवत नाय. आज चढला, पण चूक माझीच व्हती."

"आणि तुमचा मुलगा कुठंय, बाबा?"

"तो? तो यायचाय अजून. शाळेत गेलाय."

"नाव काय त्याचं?"

बाबांनी तोंड उघडले. मी शाळेत असताना गुरुजींनी हजेरीत माझे नाव भूषण एवढेच लिहिले, तेव्हा हा माणूस रात्रपाळी करून, कोळशाचे कपडे न बदलता शाळेत आला होता. "पूर्ण नाव लिहा, गुरुजी. बुद्ध आधी हाय," असे सांगून नाव खोडून पुन्हा लिहून होईपर्यंत तो टेबलापासून हलला नव्हता.

आता त्यांच्या उजव्या हाताची बोटे हवेत काहीतरी फिरवत होती. सकाळी फिरवत होती तशीच. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले, शब्द अडला की विद्यार्थी पाहतो तसे.

"काय हो त्याचं नाव, सर?"

मी आकडे मोजले नाहीत.

"बुद्धभूषण," मी म्हणालो.

"तेच ते," बाबा म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्यांनी माझ्या गुडघ्यावर, माझ्या हातावर हात ठेवला. "पण पूर्ण घ्यायचं बरं का, सर. अर्धं नाय."

ताईने तोंड फिरवले. मी मान हलवून हो म्हटले.

बाबा मला गमतीने सर म्हणत नव्हते.