चारही बाजूंनी शिवलेले व्याकरण

मित्रांनो, मी इंग्रजी व्याकरणाचे एक जुने पुस्तक आहे. एका शिंप्याच्या थोरल्या मुलीने मला रद्दीच्या दुकानातून घरी आणले. तिला परिचारिका व्हायचे आहे आणि त्यासाठी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. दोनदा ती नापास झाली. तिसरी संधी शेवटची, आणि ती आज अकरा वाजता आहे.

माझ्या पहिल्याच प्रकरणात इंग्रजीचे मूळ दिले आहे. समुद्रापलीकडून काही टोळ्या होड्यांतून एका बेटावर उतरल्या. त्यांच्या बोलींतून ही भाषा जन्मली. मग लुटारूंनी आपले शब्द आणले, परक्या राजांनी दरबारी शब्द लादले, पंडितांनी लॅटिन घुसडले. मुलीने हे मोठ्याने वाचले तेव्हा शिंपी हसला.

“म्हणजे ठिगळांचीच की ही! मग उसवत कशी नाही?”

“व्याकरणाचे टाके असतात ना, बाबा. पेशंटला गोळी ‘दिली’ की ‘द्यायची’, एवढं जरी चुकलं तरी तो दोनदा गोळी खाईल. मग कायमचाच बरा!”

“मग हे पुस्तक जपायला हवं.”

इथेच माझा घात झाला.

गेल्या आठवड्यात मुलगी आजारी मावशीकडे गेली होती. माझी पाने सुटू लागली होती. शिंप्याने मला जाड कापडात गुंडाळले आणि दाभणाने, मेणाच्या दोऱ्याने, कापडासकट शिवले. एका बाजूने शिवून त्याचे समाधान होईना, म्हणून चारही बाजूंनी. इंग्रजी त्याला येत नव्हते. पुस्तक उघडावे लागते, एवढे मात्र घाईत विसरला. पुढे मशीन डगमगू लागले, तेव्हा हाताला लागलेले गाठोडे त्याने मशीनच्या पायाखाली सरकवले. ते गाठोडे म्हणजे मी.

काल रात्री ती परतली. आज सकाळपासून शोधते आहे.

“बाबा, पुस्तक कुठंय?”

“जपून ठेवलंय गं.”

“पण कुठं?”

“तेच तर आठवत नाही.”

“यांनी जपून ठेवलं म्हणजे गेलंच,” आई म्हणाली. “माझा चष्मा अजून सापडायचाय.”

मी तिच्यापासून दोन हातांवर होतो. ओरडणार कसा? तोंडच शिवलेले.

दहा वाजता ती हताश होऊन मशीनजवळ खाली बसली आणि तिचा हात माझ्या कोपऱ्यावर पडला.

“बाबा, ब्लेड! एवढी पक्की शिवण कशाला घातलीत?”

“माझी शिवण आजवर उसवली नाही, बाळा,” शिंपी म्हणाला. हे वाक्य तो गिऱ्हाइकांना छाती फुगवून ऐकवतो. आज मात्र त्याला रडू फुटले.

आता साडेदहा झाले आहेत. दोन बाजू सुटल्या, दोन बाकी आहेत. ती फटीत बोटे घालून दिसेल तेवढे वाचते आहे. आई तिच्या चपला हातात घेऊन दारात उभी आहे. शिंप्याच्या हातातले ब्लेड बोथट झाले आहे.

मित्रांनो, पुस्तकांना जपू नका. मळवा, दुमडा, पाने फाटली तर फाटू द्या. पण उघडा हो! अरे, कुणाकडे धारदार ब्लेड आहे का?