खंडेनवमीचा हार

नाक मुरडू नका, मित्रांनो. टाकी चेपलेली, सीट फाटलेली, बुधवार पेठेतल्या एका गॅरेजच्या कोपऱ्यात मी उभी आहे खरी. पण शर्यतीची मोटारसायकल आहे मी. भाजी आणायची गाडी नव्हे!

हडपसरच्या सर्जेरावांनी मला बांधून घेतलं आणि मच्छिंद्र माझा स्वार झाला. काय दिवस होते ते! मातीच्या मैदानावर वळण आलं की बाजूचा गडी खुशाल कोपर मारायचा, लाथ घालायचा. मीही मच्छिंद्रला कितीदा आपटलं. त्याची हनुवटी फाटली, दात पडला. रक्त थुंकून तो पुन्हा माझ्यावर बसायचा आणि उजव्या मुठीने असा पीळ द्यायचा, की मी गुरगुरत सगळ्यांच्या पुढे!

मग सर्जेरावांनी नवी गाडी आणली आणि मला दिगंबरपंतांना विकून टाकलं. दिगंबरपंत म्हणजे बुधवारातले संघमालक, सर्जेरावांचे हाडवैरी. त्यांनी मला निळी रंगवून काढली, जुनी ओळखच राहिली नाही. मच्छिंद्र मात्र सर्जेरावांकडेच राहिला. मला फार वाईट वाटलं. का नाही वाटणार?

त्या वर्षी दसऱ्यानंतर मोठी शर्यत होती. चहाच्या टपऱ्यांवर एकच विषय: मच्छिंद्र संघ बदलणार, दिगंबरपंतांकडे जाणार. कुणी म्हणे बोलणी झाली, कुणी म्हणे नवे कपडेसुद्धा शिवायला टाकले. मच्छिंद्रला कुणी विचारलंच नाही.

आमच्यात एक रीत होती. खंडेनवमीला स्वार ज्या गाडीला हार घालील, तीच तो वर्षभर पळवणार, असं सगळे धरून चालायचे. त्या सकाळी मच्छिंद्र झेंडूचा हार घेऊन आला तो थेट माझ्याकडे.

"अहो, आपली गाडी हडपसरला आणि पूजा इथे? पत्ता चुकलात की काय?" दिगंबरपंत म्हणाले.

"तिकडची पूजा करूनच आलोय, पंत. पण ही माझी पहिली हाय. हिनंच मला उभं केलं."

त्याने मला हार घातला, कुंकू लावलं आणि माझी साखळी पुसत बसला. खरं सांगते, मला भरून आलं.

रस्त्यावरून कुणीतरी एवढंच पाहिलं. हडपसरला बातमी पोचायला कितीसा वेळ! सर्जेराव माणसं आणि लोखंडी पहार घेऊन आत घुसले.

"बेइमाना! माझं खाऊन ह्याच्या गाडीला हार घालतोस?"

"मालक, ऐका तरी..."

कोण ऐकतो! त्यांनी त्याला खाली पाडून बरगड्यांत लाथा घातल्या. दिगंबरपंत मध्ये पडले तर त्यांचं तोंड फोडलं. मग सर्जेरावांनी माझ्यावर पहार उगारली. "ही पळवणार व्हय? हिचाच भुगा करतो!"

मच्छिंद्रने माझ्यावर उजवा हात आडवा टाकला. मनगट कडाडलं. झेंडूवर रक्त उडालं. दुसरा घाव टाकीवर बसला आणि दिगंबरपंतांनी दिलेल्या निळ्या रंगाचा पोपडा निघाला. खाली सर्जेरावांच्या आईचं नाव होतं, 'सरुबाई', त्यांनीच हौसेने रंगवून घेतलेलं.

"ही... ही तर आपली..." त्यांच्या हातातून पहार गळून पडली.

हाड सांधलं, पण त्या मुठीत पीळ द्यायची ताकद परत आली नाही. मच्छिंद्रची शर्यत कायमची सुटली. अजूनही खंडेनवमीला तो येतो आणि डाव्या हाताने मला हार घालतो. सर्जेरावही हार घेऊन येतात, दारातच थांबतात. त्यांना आत या असं कुणी म्हणत नाही. मला बोलता आलं असतं, तरी मीही म्हटलं नसतं.

मित्रांनो, माझं तेलपाणी करू नका हवं तर, गंजू द्या मला. पण कुणावर हात उचलण्याआधी त्याला एकदा विचारा. मच्छिंद्र तर 'ऐका तरी' म्हणत होता.