मऊ तारांचे युकुलेले

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. तुमच्या पोटाशी तान्ह्या बाळाएवढे एक लाकडी वाद्य आहे आणि तुम्ही त्याच्या चार तारा छेडता आहात, अशी कल्पना करा. आता असे समजा, की ज्याच्यासाठी तुम्ही वाजवता, त्याला काहीच ऐकू येत नाही.

मी एक जुने युकुलेले आहे. दिसायला गिटारचे धाकटे भावंड. कोंडाणे गावच्या चांगो सुताराने मला घडवले. त्याने असले वाद्य जन्मात पाहिले नव्हते. लोधिवलीच्या किशोरने त्याच्यापुढे एक फुटका नमुना ठेवला आणि म्हणाला, "आसंच पायजे." चांगोने माझी वरची फळी तासून तासून पुठ्ठ्याएवढी पातळ केली.

किशोर आठवडाभर खालापूरकडच्या एका कारखान्यात राबे आणि शनिवार-रविवार पळसदरीच्या एका हॉटेलात माझ्यावर स्विंग वाजवी. स्विंग म्हणजे ऐकणाऱ्याचे पाय आपोआप हलवणारे जुने परदेशी संगीत. लोक टाळ्या देत, पुन्हा वाजवायला लावत. पण यंत्रांच्या गोंगाटात किशोरचे कान हळूहळू गेले. एके दिवशी त्याने मला पिशवीत घालून कपाटावर ठेवले. चार वर्षे मी तिथेच धूळ खात पडले.

मला खाली काढले ते त्याच्या भाचीने, दर्शनाने.

"मामा, शिकव ना!" ती त्याच्यासमोर येऊन ओरडली. आता तो ओठांवरूनच शब्द ओळखी.

"मला ऐकू येत नाय, तर शिकवू कसा गं?"

"बघून शिकव!"

आणि खरोखरच त्याने बघून शिकवले. तिच्या मनगटावरून तो चूक ओळखी. दर्शनाचे ठोके अगदी एकसारखे पडत; स्विंगला ते चालत नाही. "सरळ चालू नको, बाय. लंगड!" असे म्हणत तो अंगणात पायात काटा रुतल्यासारखा चालून दाखवी. एक पाऊल लांब, एक आखूड. "आन् डावी बोटं दाबून बसू नको. सूर निघाला का ढिली सोड."

सहा महिन्यांनी तिला ते साधले. मामा मनगट बघून "बरोबर हाय" म्हणे आणि मान खाली घाली. तिला ते सोसवेना.

एका दुपारी तिने माझ्या मऊ नायलॉनच्या तारा काढून गिटारच्या लोखंडी तारा चढवल्या. आवाज मोठा निघेल, मामाला ऐकू जाईल, एवढाच तिचा हेतू. खुंट्या पिळता पिळता तारा अडकवायची माझी घोडी फळीचा टवका घेऊन उचकटली.

मामा आला. "आगं, काय केलंस हे?"

"तुला ऐकू यावं म्हणून..." ती रडत म्हणाली.

त्याने ते तिच्या ओठांवरून ओळखले. मग गोंद आणला, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या आणि मला घट्ट बांधून ठेवले. तीन दिवसांनी जुन्या तारा पुन्हा चढवल्या.

मित्रांनो, आमच्यासारख्यांचा आवाज लहानच असतो. तो वाढवायला आम्हाला ताणू नका. जरा जवळ या.

मामाने मला दर्शनाच्या हाती दिले. "तुला येतंय आता. मनगट बघायला मी कशाला?" असे म्हणून तो ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसला.

दर्शना त्याच्या शेजारी खेटून बसली, माझे डोके त्याच्या खांद्याच्या हाडावर टेकवले आणि वाजवू लागली. माझी थरथर हाडातून त्याच्यात उतरली आणि त्याचा पाय आपोआप हलू लागला.