पहिल्या घागरीचं पाणी

न्याय म्हणजे काय हे अख्ख्या अथेन्समध्ये फक्त आपल्यालाच कळलंय, याबद्दल फिलाग्रोसला तिळभर शंका नव्हती. धंदा मातीचे दिवे घडवायचा, शिक्षण शून्य. पण बाजारचौकात तत्त्ववेत्ते भांडायला लागले की हा खांबाला टेकून ऐकत उभा, आणि तिकडे भट्टीत दिवे करपायचे. पैसे घेऊन वक्तृत्व शिकवणाऱ्यांवर त्याचा भयंकर दात. सद्गुण काय मासळी आहे, टोपलीत घालून विकायला? असं तो गिऱ्हाइकांना सुनवायचा, आणि गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात जायची.

अशा माणसाच्या हाती मिकाच्या परसाचा खटला सापडला. मिका त्याची थोरली बहीण. नवरा वारलेला, पोरं लहान, कापड रंगवून पोट भरायची. शेजारच्या स्मिक्रोसनं तिच्या परसावर आणि तिथल्या विहिरीवर दावा ठोकला. विहीर गेली की रंगकाम गेलं, आणि मग पोराबाळांसकट भावाच्या दारात. न्यायसभेत बाईनं बोलायची रीत नाही. बोलायचं ते भावानं.

मिकानं त्याला आठवडाभर पढवलं. बोलायला उठल्याबरोबर दोर्किसची लेखी साक्ष वाचायला सांग. विहीर त्यानं खोदली, मजुरी माझ्या नवऱ्यानं दिली, आणि हाच स्मिक्रोस तेव्हा माती उपसायला हात लावत होता. एवढं पंचांच्या कानावर गेलं की पुरे. फिलाग्रोस मान डोलवत होता. डोक्यात त्याचं स्वतःचं पहिलं वाक्य घोळत होतं.

खटल्याच्या दिवशी स्मिक्रोस आधी बोलला, थोडा रडला, खाली बसला. मग फिलाग्रोसची घागर भरली, बूच काढलं, पाण्याची धार लागली. बोलायला प्रत्येकाला दोन घागरी, आधी मोठी, मग लहान; धार थांबली की बोलणं बंद.

"पंचहो, विहीर कोणाची हे ठरवण्याआधी न्याय म्हणजे काय ते ठरवू."

ज्याचं त्याला देणं म्हणजे न्याय, असं त्यानं मांडलं. मग स्वतःच खोडलं, कारण पिसाळलेला कुत्रा भर बाजारात मालकाच्या हाती देणं न्याय कसा? कायदा पाळणं म्हणजे न्याय म्हणावं, तर कायदाच मूर्खांनी केलेला असला तर? पंच चिडीचूप झाले. त्याला वाटलं, भारावले. त्यातले निम्मे झोपले होते, एक जण कांदा सोलत होता. फिलाग्रोसनं हात उंचावला, म्हणून न्याय म्हणजे, असं म्हणाला आणि धार थांबली. पाणी संपलं. साक्ष राहिली. खरं म्हणजे विहीरसुद्धा राहिली.

स्मिक्रोस पुन्हा उठला आणि त्यानं सरळ विचारलं, की हा गृहस्थ विहिरीबद्दल अवाक्षर बोलला नाही, यांच्याकडे आहे काय बोलायला? पंच हसले.

आता फिलाग्रोसची शेवटची, लहान घागर. कठड्याबाहेर मिका पोरांना धरून उभी होती. चिडलेली असती तर त्याला सोसलं असतं. ती नुसती पायाखाली बघत होती. फिलाग्रोसचे कान तापले. बाजारात खांबाला टेकून घालवलेली सगळी वर्षं त्याला एकदम दिसली, करपलेल्या दिव्यांसकट.

"पहिल्या घागरीचं पाणी मी माझ्या मिजाशीवर ओतलं," तो म्हणाला. "न्याय म्हणजे काय, मला ठाऊक नाही. विहीर कोणासाठी खोदली, ते दोर्किसला ठाऊक आहे. गाढव मी आहे, शिक्षा बहिणीला देऊ नका. साक्ष वाचा."

साक्ष वाचली. तो खाली बसला तेव्हा घागरीत अजून पाणी होतं. मतं मोजली, विहीर मिकाची राहिली.

बाहेर एका तेलाच्या व्यापाऱ्यानं त्याला गाठलं. आधी ठार वेड्याचं सोंग घेऊन समोरच्याला गाफील करायचं आणि शेवटी एका वाक्यात आडवा करायचा, असला डाव त्यानं जन्मात पाहिला नव्हता. माझ्या थोरल्याला शिकवाल का, म्हणाला. मागाल ते देईन.

तो डाव नव्हता, वेडेपणा अस्सल होता, हे सांगायला फिलाग्रोसनं तोंड उघडलं. अशा वेळी चांगल्या माणसानं काय बोलावं, हे त्याला लख्ख ठाऊक होतं.

"सकाळी पाठवा," तो म्हणाला. "दुपारी भट्टी असते."

व्यापारी गेला. मिका मागेच उभी होती. तिनं पदर सारखा केला, धाकट्याला कडेवर घेतलं.

"फिला," ती म्हणाली, "मासळी काय भावानं दिलीस रे?"