भुऱ्याचा चौथा पाय

मोहाची फुलं पडायला लागली की इसरूच्या घरात उजाडेपर्यंत कोणी झोपून राहत नसे. तांबडं फुटायच्या आत झाडाखाली पोचलं नाही, तर अस्वल पोचतं आणि मग माणसाला हात हलवत परत यावं लागतं. म्हणून पुढे भुऱ्या, मधे इसरू आणि टोपली घेऊन मागे त्याची बायको सोनीबाई अशी त्यांची रांग कित्येक वर्षं ठरून गेली होती. भुऱ्या झाडाभोवती एक चक्कर मारायचा, दोनदा भुंकायचा आणि सगळं ठीक आहे असं वाटलं की बुंध्याशी अंग टाकायचा. त्यानंतरच सोनीबाई टोपली खाली ठेवायची.

त्या वर्षी एका सकाळी इसरू झाडाखाली पोचला, तेव्हा पुढे कोणीच नव्हतं. त्याने मागे पाहिलं. सोनीबाई येत होती आणि तिच्याही मागून, डावा मागचा पाय जेमतेम टेकवत, भुऱ्या येत होता.

काटा असेल म्हणून इसरूने पंजा उलटापालटा करून पाहिला. काटा नव्हता. सोनीबाईने तेल-हळद गरम करून चोळली. दोन दिवस बरं वाटलं, मग परत तेच. कोणी म्हणालं रानडुकराने धडक दिली असेल, कोणी म्हणालं विंचू चावला असेल. पुजाऱ्याने तांदळाचे दाणे टाकून पाहिले आणि माणसाचं असतं तर सांगितलं असतं, असं म्हणून उठला. तोवर गुडघ्याच्या वर एक गाठ आली होती. दगडासारखी टणक. तिला हात लावला की भुऱ्या मान वळवून इसरूचं मनगट तोंडात धरायचा. चावायचा नाही, नुसतं धरायचा.

एटापल्लीच्या जनावरांच्या दवाखान्यात सुया झाल्या, गोळ्या झाल्या. शेवटी तिथल्या डॉक्टरने सांगितलं, आतल्या हाडाचा फोटो काढावा लागेल, चंद्रपूरला घेऊन जा. चंद्रपूरला इसरूची मुलगी दीपिका एका दवाखान्यात नर्स होती. तिने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, घेऊन ये. उशीर करू नको." ओळखीतल्या धनराजची पिकअप चंद्रपूरला जाणार होती. तिच्या मागच्या भागात पोतं अंथरून इसरू भुऱ्याला मांडीवर घेऊन बसला. आलापल्लीच्या सागवानातून गाडी जात होती तोवर भुऱ्या नाक वर करून वास घेत होता. पुढे डांबराचा आणि कोळशाचा वास सुरू झाला, तसं त्याने डोकं इसरूच्या काखेत खुपसलं.

तिथल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचं नाव साधना होतं. बाई भल्या होत्या. त्या भुऱ्याशी मराठीत बोलल्या, "ये राजा, घाबरू नको." भुऱ्याने इसरूकडे पाहिलं. त्याला जन्मापासून फक्त माडिया कळत होती. इसरूने त्याला त्याच्या बोलीत झोपायला सांगितलं, तेव्हा तो झोपला आणि फोटो निघाला.

उजेडाच्या पाटीवर बाईंनी फोटो लावला. "हे हाड बघा. वाळवी लागलेल्या लाकडासारखं झालं आहे. हा हाडाचा कॅन्सर आहे."

इसरूने फोटो पाहिला, मग भुऱ्याला पाहिलं. "कॅन्सर तं तंबाखूचा खर्रा खाल्ल्यानं होते ना, बाई? माया मोठ्या भावाले झाला होता, तोंडाचा. हा तं खर्रा खात नाई."

"खर्ऱ्याशिवायही होतो, भाऊ. कशाने होतो ते याच्या बाबतीत मलाही सांगता येणार नाही."

मग त्या म्हणाल्या की पाय काढावा लागेल, पार खुब्यापासून. रोग बहुतेक आधीच फुफ्फुसात गेलेला असणार, फोटोत अजून दिसत नसला तरी. नागपूरला सलाइनमधून औषध देतात, पण दर काही आठवड्यांनी तिकडे न्यावं लागेल आणि त्यानेही रोग मुळातून जाईलच असं नाही.

"म्हणजे पाय कापला तरी तो मरणारच?"

"हो. काही महिने मिळतील. कदाचित त्याहून जास्त."

"मंग कापाचा काऊन?"

"त्याला फार दुखतंय, म्हणून."

"तो तं रडत नाई."

"कुत्री दुखणं लपवतात, भाऊ." बाई म्हणाल्या. "हे नको असेल, तर सुई देऊन त्याला कायमचं झोपवता येतं. तेही चुकीचं नाही. तुम्ही ठरवा."

इसरूने जन्मात पुष्कळ गोष्टी ठरवल्या होत्या. कोणत्या बांधीत कोणतं धान टाकायचं, कोणता बैल ठेवायचा. पण तिथे ठरवताना समोर काहीतरी दिसत असे. इथे एका बाजूला एक न दिसणारं दुखणं होतं, दुसऱ्या बाजूला एक न दिसणारा रोग, आणि मधे चांगला लांब, केसाळ, चार पायांचा कुत्रा बसला होता.

दीपिका म्हणाली, "बाबा, यात विचार कराचं काय हाय? दुखते त्याले. कापून टाक म्हण." फोनवर सोनीबाई म्हणाली, "घरी आण त्याले. मराचंच असन तं आपल्या अंगणात मरू दे." दोघींचं बोलणं ऐकताना त्याला दोघींचंही पटत होतं. फोन ठेवला की कोणाचंच पटेना.

दुपारभर तो दीपिकाच्या खोलीबाहेर भुऱ्यापाशी बसून राहिला. त्याने त्याला विचारूनही पाहिलं. भुऱ्याने त्याच्या हातातलं बिस्किट खाल्लं आणि दुसरं आहे का ते पाहिलं. ऊन कलल्यावर भुऱ्या उठला, समोरच्या भिंतीशी गेला आणि सवयीप्रमाणे मुतायला उजवा पाय वर उचलला. सगळा भार डाव्यावर आला. त्याबरोबर त्याच्या तोंडून जो आवाज निघाला, तसा आवाज इसरूने कधी ऐकला नव्हता. अस्वलाने एकदा भुऱ्याची पाठ फाडली होती तेव्हाही नाही. भुऱ्या पडला आणि पडल्या पडल्या, जणू आपलंच काही चुकलं, तशी शेपटी हलवायला लागला.

दुसऱ्या दिवशी इसरू बाईंना "कापा" म्हणाला. म्हणाला खरं, पण त्यानंतर बाकावर बसल्या बसल्या तो दीपिकाला विचारत राहिला, "मी हो म्हटलं का?"

"म्हटलं, बाबा."

भुऱ्याला बाहेर आणलं तेव्हा त्याची जीभ तोंडाबाहेर लोंबत होती आणि अर्धं अंग भादरलेलं होतं. टाके पाहून इसरूने नजर काढून घेतली. मग म्हणाला, "बाई, पाय कुठी हाय?"

बाईंना प्रश्न लगेच कळला नाही. कळला तेव्हा त्या म्हणाल्या की आम्हीच त्याची विल्हेवाट लावतो. इसरू हटला नाही. त्याला नीट सांगताही येईना. तो एवढंच म्हणत राहिला, "त्याचा हाय ना तो." शेवटी बाईंनी तपासणीपुरता तुकडा ठेवून बाकीचा पाय कापडात गुंडाळून दिला आणि खोल पुरायला सांगितलं.

दीपिकाच्या खोलीमागे एक रिकामी जागा होती, तिथे बाभळीखाली इसरूने खड्डा खणला. गावात कोणी गेलं की मूठमाती देताना काय बोलायचं ते त्याला माहीत होतं. पूर्वजांकडे जा, वाट चुकू नको, आम्हाला त्रास देऊ नको. पण ज्याचा मालक पलीकडे खोलीत झोपला आहे, अशा पायाला काय सांगायचं? पायाला पुढे जा म्हणावं तर तो एकटा कुठे जाणार?  शेवटी काहीच न बोलता इसरूने माती लोटली.

भुऱ्याच्या शेजारी बसून त्याने ती रात्र काढली. कुत्रा सकाळी जागा होईल, खाली पाहील आणि त्याला कळेल, त्या वेळेची त्याला धास्ती होती. सकाळी भुऱ्या जागा झाला. एकदा कलंडला, परत उठला, उड्या मारल्यासारखा दारापर्यंत गेला आणि दार उघडायची वाट पाहत उभा राहिला. रडला तो इसरूच.

घरी परतल्यावर सोनीबाई दारात आली. तिने भुऱ्याकडे पाहिलं, इसरूकडे पाहिलं. "तू याले अर्धा करून आणला," ती म्हणाली आणि आत गेली. पुढे कितीतरी दिवस ती नवऱ्याशी कामापुरतंच बोलत होती. पण भुऱ्या टाके चाटायला लागला, तेव्हा तिनेच आपला जुना परकर फाडून त्याला झबलं शिवलं, आणि ते घालताना त्याच्या कानात काहीतरी पुटपुटली. काय, ते इसरूने विचारलं नाही.

पाऊस लागला, धानाची रोवणी झाली. भुऱ्या तीन पायांवर बांधावरून पळायला लागला. वळताना पडायचा, उठायचा. रात्री घोरायचा. इसरूला आता कळलं की उन्हाळाभर तो झोपतच नव्हता.

याच सुमाराला नानाजी यायला लागले. नानाजी आश्रमशाळेत स्वयंपाकी होते, आता निवृत्त. त्यांना साखरेचा आजार होता. पायाची बोटं काळी पडली होती आणि गडचिरोलीच्या डॉक्टरांनी गुडघ्याखाली पाय काढायला सांगितला होता. नानाजी ऐकून घेऊन घरी निघून आले होते. तीन दिवस ते रोज सकाळी काठी टेकत यायचे, इसरूच्या ओसरीवर बसायचे आणि भुऱ्याकडे पाहत राहायचे. तिसऱ्या दिवशी बोलले.

"याले दुखते का आता?"

"नाई वाटत."

"तुले कसं मालूम?"

 "मले मालूम नाई, नानाजी. पयले झोपत नसे. आता झोपते. एवढंच."

तेवढ्यात भुऱ्याचा डावा कान खाजला. त्याने मान तिरकी केली, डोळे मिटले आणि कमरेचा डावा भाग, जिथे आता नुसता व्रण होता, तो भराभर हलायला लागला. पाय असता तर पंजा थेट कानाला लागला असता. थोड्या वेळाने तो थांबला, डोळे उघडले आणि गोंधळून इकडेतिकडे पाहू लागला. खाज तशीच होती. इसरू उठला आणि त्याने तो कान खाजवून दिला.

नानाजी म्हणाले, "पाय गेला, हे त्याले समजलं नाई का?"

"दिवसभर समजते. कान खाजला का भुलते."

 दुसऱ्या दिवशी नानाजी सुनेबरोबर गडचिरोलीला गेल्याचं इसरूला कळलं. म्हाताऱ्याचं काही बरंवाईट झालं तर? आपण त्यांना जा म्हटलं नव्हतं. पण नको जाऊ असंही म्हटलं नव्हतं. आणि कुत्र्याचं बघून माणसाने ठरवावं का, हे कोणाला विचारायचं?

नानाजी परतले ते कुबड्या घेऊन, वाळलेले, पण जिवंत. पहिल्यांदा अंगणात आले तेव्हा भुऱ्या त्यांच्या पायाच्या रिकाम्या जागेचा वास घेत बराच वेळ थांबला. "अंगठा खाजते," नानाजी इसरूला हळूच म्हणाले. "जो नाई, तोच. सुनेले सांगितलं तं ती मले पिसाट समजन." इसरूने मान हलवली. काय करायचं ते त्याला कळेना, म्हणून त्याने चहा मांडायला सांगितला.

धान कापून खळ्यावर आलं, तेव्हा भुऱ्याला खोकला लागला. आधी सकाळी, मग दिवसभर. दीपिका फोनवर विचारायची, "खोकला गिकला नाई ना?" इसरू म्हणायचा, "नाई." आठवड्याने सोनीबाईने त्याच्या हातून फोन घेतला आणि खरं ते सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी दुखण्याच्या गोळ्या कळवल्या आणि म्हणाल्या, परत आणायचं असेल तर आणा, पण मी तुमच्या जागी असते तर नसतं आणलं. या वेळी नवरा-बायकोत वाद झाला नाही. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि गाडीचा विषय कोणी काढलाच नाही.

भुऱ्या दुपारी गेला, खळ्यावरच्या धानाच्या वाळक्या तणसावर, उन्हात. सोनीबाई सुपाने धान पाखडत होती. तिला वाटलं झोपला आहे. सावली त्याच्यावर आली तरी तो उन्हाकडे सरकला नाही, तेव्हा तिने इसरूला हाक मारली. त्यांनी त्याला शेताच्या कडेला पुरलं. नानाजी कुबड्यांवर उभे राहून शेवटपर्यंत थांबले. बोलायच्या वेळी इसरू परत अडला, तर सोनीबाईच पुढे झाली आणि आपल्या माणसांना सांगतात तेच सगळं तिने भुऱ्याला सांगितलं.

संध्याकाळी दीपिकाचा फोन आला. रडून रडून तिचा आवाज बसला होता.  ती म्हणाली, "बाबा, आपण बरोबर केलं ना? तेव्हा मीच तुले कापून टाक म्हटलं होतं."

इसरू चक्रावला. हाच प्रश्न तिला विचारायचा म्हणून त्याने इतके महिने मनात जपून ठेवला होता. ती शिकलेली, दवाखान्यात काम करणारी. तिला नक्की माहीत असणार, असं तो धरून चालला होता.

"हो," तो म्हणाला. "बरोबर केलं, पोरी. पावसाळाभर झोपला तो."

ते पोरीला बरं वाटावं म्हणून तो बोलला, की खरंच त्याला तसं वाटत होतं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. त्याने फोन सोनीबाईकडे दिला आणि उरलेलं धान झाकायला खळ्याकडे निघाला.