कानाच्या टोकाचा थेंब

दक्षिण आफ्रिकेतल्या जोझिनीकडे शेजाऱ्याला टोमणा मारायचा असला की माणसं कुत्रा पाळतात आणि टोमणाच त्याचं नाव ठेवतात. मग दिवसभर हाका मारायला कुणाची चोरी?

माथेंज्वाकाकांच्या कुत्र्याचं नाव वाझिनी, म्हणजे ‘तुला काय कळतं’. प्रश्न कुंपणापलीकडच्या फालाखेला होता, कारण तो गुरांच्या दवाखान्यात रक्त तपासायचा. फालाखेनं कुत्री आणली, थुला, म्हणजे ‘गप्प बस’. कुंपणावरून दोघांचा अबोला होता. कुत्र्यांमार्फत मात्र सगळं सुरळीत चालू होतं.

गुरांना गोचिडीच्या औषधाच्या हौदातून काढायच्या दिवशी काकांनी वाझिनीला उचलून फालाखेपुढे आणलं. हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी कॉफीसारखी.

“वाझिनी, सांग त्याला, कालपासून मक्याच्या पुटूला तोंड लावलं नाहीस.”

“थुला, त्यांना सांग, रक्त बघावं लागेल.”

हौदाच्या रांगेतल्या बायका हसत होत्या.

गोचीडतापाचे जंतू कानाच्या टोकाच्या थेंबात जास्त सापडतात, हे फालाखेला पाठ होतं. पण कान टोचायचा तर दुसऱ्या कुणी डोकं घट्ट धरायला हवं, आणि वाझिनी काकांशिवाय कुणाला डोक्याला हात लावू देत नसे. कुत्र्यामार्फत बातमी सांगता येते, मदत मागता येत नाही. मदत स्वतःच्या तोंडानं मागावी लागते. पाय एकट्याला धरता येत होता. त्यानं पायाच्या शिरेतून रक्त घेतलं, काच रंगवली, सूक्ष्मदर्शकात पाहिलं. पेशी स्वच्छ होत्या.

“थुला, सांग, जंतू नाहीत.”

गोचीडतापाची सुई दिली नाही.

रविवारी सकाळी कुंपणापलीकडून हाक आली नाही. फालाखे जरा वेळ वाट पाहत राहिला, मग सूक्ष्मदर्शकाची पेटी घेऊन सरळ काकांच्या अंगणात शिरला. वाझिनी आडवा पडला होता.

“काका, डोकं धरा.”

काकांनी धरलं. कानाच्या थेंबात पेशीपेशीत जंतू होते, नासपतीसारखे, जोडीजोडीनं. त्यानं सुई दिली. पण अंगात रक्तच उरलं नव्हतं. दुपारपर्यंत सगळं आटोपलं.

“त्या दिवशी का नाही म्हणालास, धरा म्हणून?” काकांनी विचारलं.

“तुम्ही धरलं असतंत?”

काकांनी बराच विचार केला. “धरलं असतं,” ते म्हणाले. “शिव्या देत धरलं असतं.”

खड्डा दोघांनी मिळून खणला. जमीन कडक होती, आणि कुठे खणायचं यावर त्यांचा वादही झाला नाही. फालाखेला तेच सहन होईना.