शूटिंगनंतर राहिलेला हार

यमुनाबाई टिपणीसांच्या घरात तमीळ सिनेमाचं शूटिंग ठरलं ते त्यांना न विचारता. सून मनीषा हिच्या ऑफिसातल्या एका बाईचा दीर इंग्लंडातल्या मिल्टन कीन्समध्ये शूटिंगसाठी साधंसं, भारतीय माणसांचं वाटेल असं घर शोधत होता. मनीषाने आमचंच घ्या म्हणून टाकलं. मंगळवार ते शुक्रवार, चार दिवस. यमुनाबाईंनी एवढंच विचारलं, की 'साधंसं' हा शब्द कोणाचा, त्यांचा की तुझा.

सिनेमाला भुलणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. कोल्हापुरात त्यांचे वडील एका स्टुडिओत पडदे रंगवायचे. परकर-पोलक्याच्या वयात वडिलांचा डबा पोचवताना राजवाड्याच्या मागे बांबू आणि गोणपाट असतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण तिथली माणसं निदान कामाला चोख होती. राणी झालेल्या नटीला एका प्रसंगात भाकरी थापायची होती, तर तिला आधी आठ दिवस चुलीपुढे बसवलं होतं. तिसऱ्या दिवशी तिची बोटं भाजली, आणि मगच ती राणी वाटायला लागली, असं वडील सांगायचे.

त्याच आठवड्यात घरात आणखी एक गोष्ट अडून बसली होती. यमुनाबाईंचे पती हरीशराव चौऱ्याहत्तर सालच्या गणपतीत लंडनमधलं ईलिंगचं घर सोडून एका बाईबरोबर मँचेस्टरला गेले, तेव्हा मुलगा यतीन आठ वर्षांचा होता. यमुनाबाईंनी त्याच दिवशी कुंकू पुसलं, मंगळसूत्र कपाटात टाकलं आणि सोमवारपासून बिस्किटांच्या कारखान्यात कामाला लागल्या. घटस्फोट कोणी मागितला नाही, कोणी दिला नाही. पुढे यतीनच्या नोकरीपायी मिल्टन कीन्सला आल्यावर लोकांनी त्यांना विधवा धरलं, आणि त्यांनीही कोणाची समजूत दुरुस्त केली नाही. हरीशरावांचा फोटो मात्र दिवाणखान्यात होता. लहानपणी यतीनने तो खिळा ठोकून लावला होता, आणि घर बदललं तरी त्याने तो बरोबर आणला. काढ म्हटलं तर अजून आपल्याला काही वाटतं असं दिसेल, म्हणून यमुनाबाई गप्प राहिल्या.

आता मँचेस्टरची ती बाई वारली होती, हरीशराव पडून त्यांचा खुबा मोडला होता आणि शनिवारी त्यांना हॉस्पिटलमधून सोडणार होते. यतीन वर्षभर त्यांना गुपचूप भेटत होता, हेही आत्ताच बाहेर आलं. त्याला वडिलांना घरी आणायचं होतं. तू हो म्हटल्याशिवाय आणणार नाही, असं तो म्हणाला. म्हणजे चांगुलपणा त्याचा आणि ओझं आईच्या डोक्यावर. हे सिनेमावाले जाऊ देत, मग सांगते, असं म्हणून त्यांनी विषय ढकलला.

सिनेमावाले आले. हीरो चाळिशी कधीच उलटलेला, पोट पट्ट्यात कोंबलेलं, आणि सिनेमात म्हणे कॉलेजात शिकतो. त्याच्या आईचं काम करणारी बाई त्याच्याहून चार वर्षांनी लहान, म्हणून तिच्या कानशिलांवर पांढरा रंग. तो केसांना कमी आणि कानाला जास्त लागलेला. वडील असते तर त्यांनी ब्रश हिसकावून घेतला असता.

बुधवारी जवळच्या राउंडअबाउटवर, चौकातल्या गोल बेटावर, हीरोने अकरा गुंड हिरवळीवर लोळवले. प्रत्येक गुंड आधीचा पडेपर्यंत शांतपणे आपल्या पाळीची वाट बघत होता. इंग्रजांच्या देशात आल्याचा तेवढाच परिणाम, असं यमुनाबाई मनात म्हणाल्या. गुरुवारी प्रेम होतं. त्याच्या निम्म्या वयाची एक मुलगी मार्चच्या वाऱ्यात झिरझिरीत साडी नेसून लाल पायवाटेवर सायकल चालवत होती, आणि कॅमेरा थांबला की दोघीजणी धावत जाऊन तिला रजईत गुंडाळत होत्या. मनीषा बघून आली आणि किती रोमँटिक म्हणाली. ती मुलगी न्यूमोनियाने मेली नाही म्हणजे मिळवलं, असं सासूबाई म्हणाल्या.

सिनेमाची गोष्ट त्यांना सांगितली सेल्वमने. भिंती सजवणं, सामान मांडणं हे काम त्याच्याकडे होतं. मुंबईत काही वर्षं काढल्यामुळे तो हिंदी बोलायचा, आणि येता-जाता अम्मा, अम्मा करायचा. बाप मेला असं समजून आई वीस वर्षं त्याच्या फोटोला हार घालते, मुलगा गुंडांचा सूड घेतो, आणि शेवटी बाप जिवंत परत येतो.

"वीस वर्षं कुठे होता?" यमुनाबाईंनी विचारलं.

"दुश्मनांनी कोंडून ठेवलं होतं, अम्मा."

"सगळे तेच सांगतात," त्या म्हणाल्या.

शुक्रवारी तो परत येण्याचा प्रसंग दिवाणखान्यात झाला. सेल्वमने हरीशरावांचा फोटो उतरवून त्याच खिळ्यावर सिनेमातल्या बापाचा फोटो लावला, त्यावर चंदनाचा हार. बाप दारात उभा राही, आई किंचाळून हार ओढून काढी आणि त्याच्या पायांवर कोसळून ते आसवांनी धुई. नऊ वेळा धुतले. आसवं बाटलीतली होती.

यमुनाबाई जिन्याच्या पायरीवर बसून बघत होत्या. दिग्दर्शकाने अदबीने, सेल्वममार्फत, कसं वाटलं म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, हिने वीस वर्षं एकटीने घर चालवलंय ना, मग हिच्या हाताला पीठ तरी लावा. आणि दारावर कोणी आलं तर बाई आधी गॅस बंद करते. दिग्दर्शक हसला, मान डोलावली आणि दहाव्यांदा पाय धुवायला लावले.

तेवढ्यात त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असलेल्या यतीनकडे गेली. चाळीस वर्षांचा गडी, दोन मुलाखती घेऊन माणसं नोकरीला लावणारा, आणि त्या रंगवलेल्या बाईकडे बघून डोळे पुसत होता. याला हेच हवंय तर, त्यांच्या लक्षात आलं. आईने धावत जावं आणि पायांवर पडावं. नाहीतर दार आपटावं. पण दार आपटणं हाही सिनेमाच, फक्त मध्यंतराच्या आधीचा. बत्तीस वर्षांत आपण यांपैकी काहीच केलं नाही, आणि आता कोणासाठी करायचं?

संध्याकाळी सामान हललं. जाण्यापूर्वी सेल्वमने घर होतं तसं लावून दिलं आणि यमुनाबाईंना हात धरून दिवाणखान्यात नेलं. हरीशराव आपल्या खिळ्यावर परत आले होते, गळ्यात चंदनाचा हार. सेल्वम हळू आवाजात म्हणाला की अय्यांच्या, म्हणजे मालकांच्या, फोटोला हार नाही हे पहिल्या दिवशीच त्याला खटकलं होतं. हा अस्सल म्हैसूरचा आहे, आमच्याकडून ठेवा. चार दिवस त्याने यमुनाबाईंचं मोकळं कपाळ पाहिलं होतं. बिचाऱ्याची चूक काय? साऱ्या युनिटमध्ये एवढ्या मनापासून काम केलेला हा एकच माणूस, असं मनाशी म्हणत त्यांनी त्याच्या हातावर लाडू ठेवले.

यतीन आत आला आणि फोटो बघून पांढरा पडला. तो खुर्ची ओढून वर चढायला लागला.

"राहू दे," यमुनाबाई म्हणाल्या.

"आई, ते जिवंत आहेत."

"माहीत आहे. खुबा मोडलाय म्हणालास ना."

"मग हे काय? उद्या ते इथे..." तो थांबला, कारण आईने अजून हो म्हटलं नव्हतं.

"आण उद्या त्यांना," त्या म्हणाल्या. "खालची खोली दे. पथ्याचं मी करीन. पण हार राहील. हार उतरला, तर मी वर जाऊन बसेन आणि पायरी उतरणार नाही."

यतीनने फोटोकडे नेलेला हात मागे घेतला. मग खाली उतरला.

शनिवारी दुपारी घंटा वाजली तेव्हा आमटीला उकळी येत होती. यमुनाबाईंनी आधी गॅस बंद केला, हात पुसले आणि मग त्या बाहेर आल्या. आधाराने चालायची चाकांची चौकट ढकलत एक सुकलेला म्हातारा आत येत होता, मागे यतीन. म्हाताऱ्याने यमुनाबाईंकडे पाहिलं, रडायच्या तयारीने तोंड वाकडं केलं, आणि तेवढ्यात त्याची नजर भिंतीवर गेली.

"यमुना, अगं मी जिवंत आहे."

"असाल," यमुनाबाई म्हणाल्या. "पण माझ्या घरातून तुम्ही चौऱ्याहत्तर सालीच गेलात. गेलेल्या माणसावर मी राग धरत नाही, म्हणून तर आत घेतलं. जिवंत असता तर दारात उभं केलं नसतं. बसा, जेवायला वाढते."

 चौकट बाजूला ठेवून, यतीनचा हात धरून हरीशराव कसेबसे खुर्चीत बसले. खुर्ची बरोबर फोटोसमोर होती. ती सकाळीच तिथे सरकवलेली होती. समोर काय दिसायला हवं, हे पडदे रंगवणाऱ्याच्या मुलीला कोणी शिकवायला नको होतं.